पार्श्वभूमी : ‘साउंडस्केप’पर्यंतची वाट

मार्च २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘साउंडस्केप’ हे आयफोनवरचे ॲप प्रथम अमेरिका आणि ब्रिटनमध्ये उपलब्ध करून दिले. ते सुरू करून आणि हेडफोन कानाला लावून दृष्टिहीन व्यक्ती रस्त्याने निघाली, की डाव्या हाताच्या दुकानाचे नाव डावीकडूनच ऐकू येई, पुढच्या चौकाची सूचना समोरून येई आणि जेथे पोहोचायचे ते ठिकाण ठरवून दिले असेल तर त्या दिशेने एक लयबद्ध ध्वनी सतत येत राही. ‘डावीकडे वळा’ अशा आज्ञा मात्र हे ॲप देत नसे. भोवताली काय आहे ते सांगायचे आणि वाट निवडण्याचे काम चालणाऱ्यावर सोपवायचे, ही त्यामागची भूमिका होती. माझ्या मते या तंत्राचे खरे मोल तेथेच आहे, आणि ती भूमिका त्या ॲपच्या कितीतरी आधी तयार झालेली होती.

हे तंत्र म्हणजे ऑगमेंटेड रिॲलिटीचा, खऱ्या जगात कृत्रिम माहितीची भर घालण्याचा, एक प्रकार. ऑगमेंटेड रिॲलिटी म्हटले की डोळ्यांसमोर तरंगणारी चित्रे आठवतात. परंतु संशोधक रोनाल्ड अझुमा यांनी १९९७ मध्ये या संकल्पनेची जी व्याख्या केली, तिच्यात खरे आणि कृत्रिम यांचा मिलाफ, तत्क्षणी मिळणारा प्रतिसाद आणि त्रिमितीय अवकाशात नेमकी जुळणी एवढ्याच अटी आहेत. ही वास्तवातली भर कानांनाही जाणवू शकते, हे त्यांनी स्वतःच नमूद केले होते.

ध्वनीची दिशा आपल्याला कळते कशी, याचे पायाभूत स्पष्टीकरण भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्ये मांडले : बाजूने येणारा आवाज एका कानाला क्षणाच्या अत्यल्प अंशाने आधी आणि किंचित मोठा ऐकू येतो. अंध व्यक्तींना भिंत जवळ आल्याचे कसे उमगते, हे कोडे त्यानंतरही बराच काळ सुटले नव्हते, कारण त्यांच्यापैकी अनेकांना ती जाणीव चेहऱ्याच्या त्वचेला होते असे वाटे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात सुपा, कॉट्झिन आणि डॅलनबाख यांनी १९४४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत चेहरा झाकला तरी अडथळा ओळखता येत होता, कान बंद केल्यावर मात्र येत नव्हता. या संशोधकांपैकी सुपा स्वतः दृष्टिहीन होते, हे आवर्जून सांगायला हवे. या इतिहासात पुढेही निर्णायक वळणावर दृष्टिहीन संशोधकच उभे असलेले दिसतात.

त्यांतले सर्वांत महत्त्वाचे नाव रेजिनाल्ड गॉलेज यांचे. माणसे मनात नकाशा कसा रचतात, याचा अभ्यास करणाऱ्या या भूगोलतज्ज्ञाची दृष्टी १९८४ मध्ये गेली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील शाखेत त्यांचे सहकारी असलेले मानसशास्त्रज्ञ जॅक लूमिस यांनी १९८५ च्या सुमारास उपग्रहाद्वारे स्थाननिश्चिती आणि त्रिमितीय ध्वनी यांची सांगड घालण्याची कल्पना मांडली, आणि मानसशास्त्रज्ञ रॉबर्टा क्लॅट्स्की यांच्यासह तिघांनी ‘पर्सनल गायडन्स सिस्टिम’ हा प्रकल्प उभारला. १९९३ पर्यंत त्याचा चालता नमुना तयार झाला. त्यात संगणक पाठीवरच्या पिशवीत असे आणि चालणाऱ्याचे तोंड कोणत्या दिशेला आहे ते होकायंत्र टिपत असे. मान वळली तरी इमारत जागची हलत नाही, म्हणून तिचे नावही तिच्याच जागेवरून आल्यासारखे वाटले पाहिजे. त्यासाठी दोन्ही कानांना जाणारा ध्वनी क्षणोक्षणी नव्याने घडवावा लागे. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत या गटाने शब्दांतून दिलेल्या सूचना आणि त्या-त्या जागेवरून येणारा ध्वनी असे पर्याय तपासले, तेव्हा वाट काढण्याच्या कामगिरीत आणि चालणाऱ्यांच्या पसंतीतही दुसरा पर्याय सरस ठरला.

अडचण होती ती उपकरणाचा आकार आणि जीपीएसची अचूकता यांची. अमेरिकी सरकार नागरी वापरासाठीच्या संकेतात मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे स्थान सुमारे १०० मीटरपर्यंत चुकू शकत असे. ही मिसळ मे २००० मध्ये थांबली. २००४ मध्ये ‘ओपनस्ट्रीटमॅप’ हा सर्वांना वापरता येणारा नकाशा सुरू झाला, आणि २००९ मध्ये आयफोनमध्ये पडदा वाचून दाखवणारी ‘व्हॉइसओव्हर’ सुविधा व होकायंत्र एकाच वेळी आले. पिशवीतला संगणक खिशात मावू लागला.

‘साउंडस्केप’चा थेट उगम २०१४ च्या ‘सिटीज अनलॉक्ड’ या ब्रिटिश प्रकल्पात आहे. मायक्रोसॉफ्टमध्ये काम करणारे आणि स्वतः दृष्टिहीन असलेले एमोस मिलर यांचा त्यात पुढाकार होता, अंधांसाठी मार्गदर्शक कुत्री तयार करणारी ‘गाइड डॉग्ज’ ही संस्था सोबत होती आणि चाचणीसाठी रेडिंगपासून लंडनपर्यंतचा प्रवास निवडला होता. कान न झाकता हाडातून कंपने पोहोचवणारा हेडसेट तेथे वापरला गेला. ही निवड वरवर किरकोळ वाटेल, परंतु पांढरी काठी टेकत चालणाऱ्याला वाहनाची चाहूल आणि भिंतीवरून परतणारा काठीचा आवाज लागतोच. तो झाकून टाकणारे साहित्य कितीही हुशार असले तरी त्याच्या जिवावर बेतेल. ॲपने खड्डा, पायरी किंवा उभी मोटारसायकल ओळखण्याचा दावा कधी केला नाही. ते काम काठीचे किंवा मार्गदर्शक कुत्र्याचेच राहिले.

जानेवारी २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने हे ॲप वितरणातून काढून घेतले आणि जूनअखेर त्यामागची सेवाही थांबवली. रोजच्या फिरण्यासाठी ज्यांची भिस्त त्यावर होती, त्यांच्यावर हा निर्णय अन्यायकारक होता, असे मला वाटते. कंपनीने सोबत ही प्रणाली मुक्त स्रोत म्हणून, म्हणजे तिची संगणकीय संहिता कोणालाही वापरता व बदलता येईल अशी, खुली केली, ही मात्र मोठी गोष्ट झाली. त्याच आधारावर ‘स्कॉटिश टेक आर्मी’ या तंत्रज्ञांच्या संस्थेच्या स्वयंसेवकांनी ‘साउंडस्केप कम्युनिटी’ उभे केले आणि ‘व्हॉइसव्हिस्टा’ हे स्वतंत्र ॲपही आले.

या ॲपना रस्त्यांची आणि ठिकाणांची माहिती मिळते ती प्रामुख्याने ओपनस्ट्रीटमॅपमधून. ज्या गल्लीची, दवाखान्याची किंवा बसथांब्याची नोंद तेथे कोणी केलेली नाही, तेथे ॲप गप्प राहते. ही नोंद करण्यासाठी प्रोग्रामिंग यावे लागत नाही. कोणीही खाते उघडून आपल्या वस्तीतील ठिकाणे भरू शकतो, आणि मराठी नावासाठी त्या नकाशात स्वतंत्र रकाना आहे.