फोनमधला ब्राउझर कोणी निवडला?

केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये भारतीय वेब ब्राउझर तयार करण्याची स्पर्धा जाहीर केली. मार्च २०२५ मध्ये तिचा निकाल लागला आणि एक कोटी रुपयांचे पहिले बक्षीस झोहो कंपनीला मिळाले. बातम्यांचा सगळा भर ब्राउझर स्वदेशी असण्यावर होता. स्पर्धेतल्या एका अटीकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. डिजिटल प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थांवर देखरेख करणारे जे सरकारी कार्यालय आहे, सीसीए, त्याचे मूळ प्रमाणपत्र या ब्राउझरमध्ये आधीपासून बसवलेले असावे, अशी ती अट होती. ती का घालावी लागली हे कळायला दहा-पंधरा वर्षे मागे जावे लागते. मागे गेले की आणखी एक गोष्ट दिसते: आपल्याकडे सर्वसामान्य माणसाने आपला ब्राउझर आपण निवडला, असे फार क्वचित घडले. कधी तो नेटपॅकच्या किमतीने ठरवला, कधी फोन बनवणाऱ्याने, तर कधी सरकारी आदेशाने.

सायबर कॅफेच्या काळाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. विंडोजसोबत इंटरनेट एक्सप्लोरर यायचा आणि तोच वापरला जायचा. याच गोष्टीवरून अमेरिकन सरकारने १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टवर खटला भरला होता. आपली खरी कहाणी सुरू होते ती बटणांच्या फोनवर.

२००६ मध्ये ऑपेरा मिनी जगभर उपलब्ध झाला. तेव्हा डेटाचे पैसे केबीवर आणि एमबीवर मोजले जात आणि टूजीवर एक साधे पान उघडायलाही वाट पाहावी लागे. ऑपेराने यावर काढलेला तोडगा हुशारीचा होता. आपण मागितलेले पान आधी ऑपेराच्या सर्व्हरवर उघडे, तिथे ते आटवून लहान केले जाई आणि मग फोनवर येई. डेटा कितीतरी कमी लागे आणि स्वस्त फोनवरही वेब चाले. लाखो लोकांची इंटरनेटशी पहिली ओळख अशीच झाली आणि त्याचे मोल कमी लेखता येणार नाही. पण पान आटवायचे तर ते आधी वाचता आले पाहिजे. त्यामुळे बँकेचे पान असले तरी ते मधल्या सर्व्हरवर उघडे होत असे. ऑपेराने हे लपवले नव्हते. फोनपासून संकेतस्थळापर्यंत सलग एन्क्रिप्शन, म्हणजे वाटेत कोणाला वाचता येऊ नये असे सांकेतिक रूप, हवे असेल तर आमचा दुसरा ब्राउझर वापरा, असे कंपनी स्वतःच सांगे. मात्र तो दुसरा ब्राउझर त्या स्वस्त फोनवर चालत नसे.

जानेवारी २०१३ मध्ये एका भारतीय सुरक्षा तज्ज्ञाने दाखवून दिले की नोकियाचा एक्सप्रेस ब्राउझरही एचटीटीपीएसची, म्हणजे एन्क्रिप्शन केलेली, वाहतूक स्वतःच्या सर्व्हरवर उलगडतो. नोकियाने ते मान्य केले. ही क्रिया तात्पुरती आणि सुरक्षितपणे होते, आमचे कर्मचारी मजकूर पाहत नाहीत, असा खुलासा कंपनीने केला. तो खरा धरला, तरी फोन विकत घेताना ही गोष्ट ग्राहकाला कोणी सांगितली होती?

मग आला यूसी ब्राउझर. चिनी कंपनी यूसीवेबचा हा ब्राउझर पाने आटवून देई, अर्धवट राहिलेले डाउनलोड पुढे चालू ठेवी आणि त्यावर क्रिकेटचा धावफलकही मिळे. २०१४ मध्ये अलीबाबाने यूसीवेब पूर्णपणे विकत घेतली. २०१५-१६ च्या सुमारास भारतात मोबाइलवरून होणाऱ्या वेब-वापरात निम्म्याच्या आसपास वाटा एकट्या यूसीचा होता.

मे २०१५ मध्ये टोरांटो विद्यापीठातल्या सिटिझन लॅब या संशोधन गटाने यूसीच्या अँड्रॉइड आवृत्त्या तपासून अहवाल काढला. चिनी आणि इंग्रजी, दोन्ही आवृत्त्यांत गळती होती. चिनी आवृत्तीत जास्त. फोनची आणि सिमची ओळख पटवणारे क्रमांक, माणूस कुठे आहे याची माहिती, त्याने काय शोधले ते शब्द, असा मजकूर एन्क्रिप्शनशिवाय किंवा सहज फुटेल अशा एन्क्रिप्शनमधून बाहेर जात होता. अहवालामागची हकिगत मला त्याहून महत्त्वाची वाटते. अमेरिकन गुप्तहेर संस्थेसाठी काम केलेल्या एडवर्ड स्नोडेनने उघड केलेल्या कागदपत्रांत पाश्चात्त्य गुप्तहेर संस्थांनी ही गळती आधीच हेरल्याचे दिसत होते. त्यांनी ती कंपनीला कळवली नाही, पाळतीसाठी वापरण्याचा विचार केला. म्हणजे ब्राउझर चिनी, माहिती भारतीय किंवा चिनी माणसाची, आणि ती टिपणारे तिसऱ्याच देशांचे. उघड्यावरून जाणारी माहिती वाटेतल्या कोणालाही मिळते; ब्राउझर कोणत्या देशाचा आहे याने त्यात फरक पडत नाही.

आपल्याकडे मात्र चर्चा देशाचीच झाली. गलवानमधल्या चकमकीनंतर २९ जून २०२० रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली ५९ ॲपवर बंदी आली आणि त्यात यूसी ब्राउझर होता. एखादे ॲप धोक्याचे असेल तर बंदी घालण्याचा सरकारचा अधिकार मान्य करूनही एक गोष्ट राहतेच. ब्राउझरने काय पाठवलेले चालेल, ते कोणी तपासायचे, तपासणीचा निकाल लोकांना कसा कळेल, याचा नियम त्या आदेशातून मिळाला नाही. लोकांनी हाताशी असलेला दुसरा ब्राउझर उघडला. अँड्रॉइड फोनवर तो गूगलचा क्रोम होता.

आता त्या प्रमाणपत्राच्या अटीकडे येतो. आपण बँकेचे पान उघडतो तेव्हा ते खरोखर त्या बँकेचेच आहे, हे ब्राउझर एका डिजिटल प्रमाणपत्रावरून ठरवतो. अशी प्रमाणपत्रे कोणकोणत्या संस्थांनी दिलेली चालतील, याची यादी ब्राउझरमध्ये किंवा ऑपरेटिंग सिस्टीममध्ये असते. यादीतली एक संस्था जरी ढिली पडली तरी धोका सगळ्यांनाच. २०११ मध्ये नेदरलँड्समधल्या डिजिनोटार या कंपनीत घुसखोरी झाली, गूगलच्या नावाची बनावट प्रमाणपत्रे निघाली आणि त्यांच्या आधारे इराणमधल्या लोकांच्या जीमेलवर पाळत ठेवली गेली. ती कंपनी त्याच वर्षी दिवाळखोरीत गेली.

जुलै २०१४ मध्ये तसेच काहीसे आपल्याकडे घडले. गूगलच्या पत्त्यांसाठी परवानगीविना काढलेली प्रमाणपत्रे सापडली आणि ती राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, म्हणजे एनआयसीच्या, अखत्यारीतून निघालेली होती. एनआयसीला हा अधिकार सीसीएच्या मूळ प्रमाणपत्रामुळे मिळाला होता आणि सीसीए मायक्रोसॉफ्टच्या यादीत होती. त्यामुळे धोका मुख्यतः विंडोज वापरणाऱ्यांना होता. फायरफॉक्स स्वतःची वेगळी यादी ठेवतो आणि त्यात सीसीए नव्हती, म्हणून तो वापरणारे वाचले. सीसीएने एनआयसीची प्रमाणपत्रे लगेच रद्द केली. प्रमाणपत्र देण्याच्या प्रक्रियेतच घुसखोरी झाल्याचे तिचे म्हणणे होते. गूगलने मग क्रोममध्ये सीसीएवरचा विश्वास सरकारी, शैक्षणिक, रिझर्व्ह बँकेच्या अशा मोजक्या पत्त्यांपुरता मर्यादित केला.

तेव्हापासून ही जखम भरलेली नाही. देशातली कितीतरी सरकारी संकेतस्थळेही परदेशी कंपन्यांची प्रमाणपत्रे वापरतात आणि २०२३ च्या स्पर्धेतली अट त्यातूनच आली. आपल्या देशाची प्रमाणपत्रे जगाने मानावीत ही इच्छा रास्त आहे, माझीही तीच आहे. पण वाट ब्राउझर बदलण्याची नाही, तपासणी खुली करण्याची आहे. क्रोम २०१८ पासून अशी अट घालतो की नव्या प्रमाणपत्राची नोंद सर्वांना पाहता येईल अशा नोंदवहीत झालीच पाहिजे. आपल्या नावाने कोणी भलतेच प्रमाणपत्र काढले का, हे त्यामुळे बँकेलाच काय, कोणालाही शोधता येते. सीसीएची प्रमाणपत्रेही याच कसोटीला उतरली तर त्यांना स्वतंत्र ब्राउझरचा आधार लागणार नाही.

याच काळात एक सुधारणा फार गाजावाजा न होता झाली. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकात रेलटेल आणि गूगलचे मोफत वाय-फाय सुरू झाले, तेव्हा कितीतरी संकेतस्थळे साध्या एचटीटीपीवर होती. फुकट प्रमाणपत्रे देणारी लेट्स एन्क्रिप्ट ही सेवा तेव्हा नुकतीच खुली झाली होती. २०१८ मध्ये क्रोमने साध्या एचटीटीपीच्या प्रत्येक पानावर असुरक्षित असा शेरा मारायला सुरुवात केली आणि बघता बघता एचटीटीपीएस सर्वत्र पोहोचले. लोकांनी मात्र कुलपाच्या चिन्हाचा अर्थ संकेतस्थळ विश्वासू आहे असा लावला. तो अर्थ कधीच नव्हता. वाटेत कोणी वाचत नाही, एवढेच ते कुलूप सांगे. वीजबिलाच्या नावाने फसवणाऱ्या बनावट पानावरही ते दिसे. म्हणूनच २०२३ मध्ये क्रोमने ते चिन्ह काढून टाकले.

आणि आजचा क्रोम? ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. ॲप स्टोअरमधल्या वर्चस्वाचा उपयोग गूगलने ब्राउझरच्या बाजारात क्रोमसाठी केला, हा त्यातला एक निष्कर्ष होता. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, काही निर्देश मात्र रद्द केले. त्याआधी जानेवारीत गूगलने भारतातल्या नव्या अँड्रॉइड फोनवर सर्च इंजिन निवडण्याचा पडदा आणण्याचे जाहीर केले होते. युरोपात मार्च २०२४ पासून कायद्यामुळे फोन सुरू करताना ब्राउझरही विचारला जातो. आपल्याकडे तो विचारला जात नाही.

ब्राउझर बनवणाऱ्याचा धंदा जाहिरातींचा असला की काय होते, ते कुकींच्या बाबतीत दिसले. कुकी म्हणजे संकेतस्थळाने आपल्याला ओळखण्यासाठी ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद. ती १९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीच्या लू माँटुली यांनी तयार केली. १९९७ च्या तांत्रिक मानकातच तिऱ्हाइताच्या, म्हणजे उघडलेल्या संकेतस्थळाऐवजी दुसऱ्याच कोणाच्या, कुकी आपोआप स्वीकारू नयेत असे सुचवले होते. तेव्हाच्या दोन्ही मोठ्या ब्राउझरांनी ते मानले नाही. सफारीने २०२० मध्ये अशा कुकी पूर्ण रोखल्या. फायरफॉक्सने त्या २०२२ पासून संकेतस्थळागणिक वेगळ्या डब्यांत बंद केल्या. गूगलने जानेवारी २०२० मध्ये दोन वर्षांत त्या बंद करू असे जाहीर केले, मुदत पुन्हा पुन्हा वाढवली, जुलै २०२४ मध्ये बेत सोडला आणि एप्रिल २०२५ मध्ये वापरणाऱ्याला त्याबद्दल विचारणारी स्वतंत्र सूचनाही येणार नाही असे सांगितले. क्रोमच्या इनकॉग्निटो या खासगी खिडकीचे तसेच. त्या खिडकीतली नोंद तुमच्या फोनवर राहत नाही, पण संकेतस्थळांना आणि इंटरनेट पुरवणाऱ्याला तुमची ये-जा दिसतेच. यावरून अमेरिकेत २०२० मध्ये झालेला दावा मिटवताना, २०२४ मध्ये, गूगलने जमवलेल्या कोट्यवधी नोंदी नष्ट करण्याचे कबूल केले.

क्रोममध्ये तिऱ्हाइताच्या कुकी बंद करण्याचे बटण आहे. ते सेटिंगमधल्या गोपनीयतेच्या विभागात सापडते आणि एकदा बंद केले की बहुतेक संकेतस्थळे पूर्वीसारखीच चालतात.