ब्राउझरची सूचना की ॲपची जाहिरात? फोन फॉरमॅट करण्याआधी एवढं बघा

पावसाळ्यात कोल्हापूरकर फोनवर दिवसातून दहा वेळा एकच गोष्ट शोधतात, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका, हे इथल्या पोराटोरांनाही पाठ आहे. माझी आत्ती शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत राहते. २०१९ आणि २०२१ चे दोन्ही महापूर तिनं बघितलेत. गेल्या पावसाळ्यात पातळी बघायला तिनं कुठलीशी वेबसाइट उघडली आणि मध्येच चौकट आली, ‘सूचना पाठवायच्या आहेत, अनुमती द्या’. पाणी वाढलं की हे लोक कळवणार असतील, असं समजून तिनं अनुमती दिली.

दुसऱ्या दिवसापासून फोन थांबेना. ‘तुमच्या फोनमध्ये ५ व्हायरस’, ‘बॅटरी खराब होत आहे’, ‘तुम्हाला बक्षीस लागले’. घाबरून तिनं फोन एका दुकानात नेला. तिथं काहीही न बघता फॉरमॅट मारला. जाहिराती गेल्या, आणि नातवाच्या बारशाचे सगळे फोटोही गेले. मला अजून याचा राग येतो, कारण त्या फोनमध्ये व्हायरस नव्हताच. दोन मिनिटांचं काम होतं.

फोनवर नको तेव्हा येणाऱ्या जाहिराती आपण सरसकट ‘व्हायरस’मध्ये घालतो. त्यातले दोन प्रकार दिसायला सारखे, पण मुळात वेगळे आहेत.

आत्तीच्या फोनवर आला तो पहिला, म्हणजे वेबसाइटची सूचना. अँड्रॉइडवरच्या क्रोम ब्राउझरमध्ये ही सोय २०१५ पासून आहे. एकदा अनुमती दिली की ते पान बंद असलं तरी क्रोम त्या साइटचे निरोप आणून दाखवत राहतं. बातम्यांच्या साइट याचा सरळ वापर करतात, भुरट्या साइट जाहिराती विकतात. काही तर ‘तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करायला अनुमती द्या’ असं सांगून फसवतात. ओळखायचं कसं? वरची पट्टी खाली ओढा. निरोपावर क्रोमचं चिन्ह आणि बारीक अक्षरात साइटचा पत्ता दिसतो. त्यावर बोट दाबून धरलं की तिथंच बंद करता येतं. नाहीतर क्रोमचे तीन ठिपके, सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, सूचना असं जायचं आणि अनोळखी पत्ते एकेक करून ब्लॉक करायचे. या अनुमतीनं त्या साइटला तुमचे फोटो किंवा कॉन्टॅक्ट दिसत नाहीत. धोका असतो तो निरोपावर टिचकी मारून पुढचं काहीतरी डाउनलोड करण्यात, नाहीतर कार्डाचा नंबर भरण्यात.

दुसरा प्रकार आमच्या गल्लीतल्या एका कॉलेजच्या पोराच्या फोनवर बघितला. फुटबॉलचा सीझन, शाहू स्टेडियमवर मॅच, आणि ग्रुपवर आलेली ‘लाईव्ह मॅच’ची एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरून ॲप टाकायची फाइल) त्यानं बिनधास्त टाकून घेतली. त्यानंतर कॉल संपला की जाहिरात, लॉक उघडलं की जाहिरात, व्हॉट्सॲपवर टाइप करताना अख्खा स्क्रीन झाकणारी जाहिरात. क्रोमच्या सेटिंगमध्ये कितीही शोधलं तरी काही मिळेना, कारण हे काम फोनमध्ये बसलेल्या ॲपचं होतं. प्ले स्टोअरवरची सगळी ॲप्स सोवळी असतात असंही नाही. २०२० च्या फेब्रुवारीत गूगलनं असल्या जाहिरातींपायी जवळपास ६०० ॲप्स काढून टाकली होती.

इथं जाहिरात समोर असतानाच अलीकडच्या ॲप्सचं बटण दाबायचं. बहुतेक वेळा चोराचं नाव तिथंच सापडतं. नाही सापडलं तर सेटिंग्जमध्ये ‘इतर ॲप्सच्या वर दाखवणे’ ही परवानगी कुणाकुणाकडे आहे ते बघा. टॉर्च, क्लीनर, वॉलपेपर असल्यांना ती कशाला लागते? या पोराच्या ॲपनं स्वतःचं चिन्हच लपवलं होतं. मग फोन सेफ मोडमध्ये चालू केला. त्यात आपण टाकलेली ॲप्स झोपतात. जाहिरात थांबली, म्हणजे दोष ॲपचाच हे पक्कं झालं. ॲप्सच्या यादीत नाव नसलेली एक रिकामी ओळ होती, पण तिचं ‘अनइंस्टॉल’ बटण फिकं. ॲपनं डिव्हाइस ॲडमिनचा, म्हणजे फोनवर खास ताबा ठेवायचा हक्क घेतला होता. तो काढल्यावर ते गेलं. फोटो, नंबर सगळं जागेवर राहिलं.

आत्ती म्हणाली होती, “बंदच करून टाक की रं त्या सूचना सगळ्या.” मी नाही केल्या. जुलैत रात्री-अपरात्री पाण्याचा खरा निरोप आला तर तिचा फोन वाजायलाच पाहिजे, आणि पाच व्हायरसांच्या ढिगाखाली तो दडता कामा नये. परवा तिचा फोन आला, “आरं, परत ती चौकट आलीया, अनुमती द्या म्हणतीया.” मी विचारलं, “वर नाव कुणाचं हाय?” तिनं पत्ता एकेक अक्षर वाचला आणि मी सांगायच्या आधीच म्हणाली, “ब्लॉक करती.”