अवकाळी बहर

एखाद्या वनस्पतीला तिच्या नेहमीच्या ऋतूबाहेर फुले येणे. कोल्हापुरात हा प्रकार पटकन डोळ्यांत भरतो तो बहाव्यामुळे. त्याचा खरा हंगाम एप्रिल-मे. तेव्हा पाने झडलेली असतात आणि झाड पिवळेजर्द होते. पण पाऊस ओसरता ओसरता, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, एखाद्या झाडावर पुन्हा चार-दोन घोस लोंबताना दिसतात. हे घोस आखूड, विरळ आणि पानांआड दडलेले. शेजारीच उन्हाळ्यातल्या फुलांच्या लांब हिरव्या शेंगा लटकत असतात, कारण त्या काळ्या पडून पिकायला पुढचा उन्हाळा उजाडतो. ‘बहावा फुलला की 45 दिवसांत पाऊस’ हा आडाखा या घोसांना लावला तर पाऊस ऐन थंडीत यायचा!

यामागचे एक मोठे कारण बागायतदाराला चांगले ठाऊक आहे. डाळिंब किंवा कागदी लिंबाचे पाणी तोडून तो बागेला ‘ताण’ देतो आणि मग पाणी सोडून फुले काढतो. मृग, हस्त आणि आंबे बहर, म्हणजे फळबागेला फुले आणण्याचे वर्षातले तीन हंगाम, धरतात ते असेच. रानातल्या झाडाला हा ताण कोणी द्यावा लागत नाही. पावसाने लांबलचक उघडीप दिली आणि नंतर पुन्हा जोर धरला, की तेच घडते. अळीने पाला फस्त करणे, वादळात फांद्या झोडपल्या जाणे, तारांसाठी केलेली छाटणी यांनीही काही झाडे अवेळी फुटतात. दिवसाची लांबी आणि तापमान यांचाही फुलण्याशी संबंध असतोच.

‘अवकाळी’ ठरवायचे कोणत्या पंचांगाने, हा मात्र प्रश्न आहे. कोल्हापूर जिल्ह्यातच घाटमाथ्यावरच्या गगनबावड्यात वर्षाला 5000 मिलिमीटरहून जास्त पाऊस, तर पूर्वेच्या शिरोळकडे त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. त्यामुळे एकच जात जिल्हाभर एकाच आठवड्यात फुलेल ही अपेक्षाच चूक. एका झाडाचा फोटो पाहून हवामानबदलाचा निष्कर्ष काढणे तर फारच घाईचे. तेच झाड ओळीने अनेक वर्षे पाहावे लागते. गुलमोहर, नीलमोहर परदेशी, म्हणून या नोंदीत नाहीत. जास्वंदीसारखी बारमाही फुलणारी झाडेही यात धरत नाहीत.

कारवी या सह्याद्रीच्या उतारांवरच्या झुडपाचे गणित निराळे. ती साधारण सात वर्षांनी एकदम फुलते आणि मरते, त्यामुळे तिथे महिना नव्हे, वर्ष चुकते. मधल्या एखाद्या पावसाळ्यात उतारावरच्या हिरव्या गर्दीत दोन-तीनच झुडपे जांभळी दिसतात. पुढच्या पावसाळ्यात त्यांच्या जागी वाळक्या काठ्या उरतात, आजूबाजूची कारवी हिरवीच असते.