प्लग-इन हायब्रिड घेतलीत? आधी हे वाचा, मग चार्जरची ऑर्डर द्या

नमस्कार. पार्किंगमध्ये चार्जिंग पॉइंट बसवून घ्यायला आमच्याकडे जे लोक येतात त्यांच्यासाठी हे पत्रक आहे, आणि मुद्दाम प्लग-इन हायब्रिडवाल्यांसाठी, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बाहेरून चार्ज करायची बॅटरी दोन्ही असलेल्या गाडीवाल्यांसाठी लिहिलंय. पूर्ण इलेक्ट्रिक घेणाऱ्याला शोरूमवाले सगळं समजावतात, बऱ्याचदा त्यांचाच माणूस घरी येऊन चार्जर बसवून जातो. हायब्रिडवाल्याच्या हातात मात्र केबलची पिशवी देतात आणि सांगतात की सर, कुठल्याही पॉवर प्लगला लावा. कुठल्याही लावू नका, एवढंच सांगायला खरं तर हे पान लिहायला घेतलं, मग वाढत गेलं.

आधी गाडी कुठली ते बघा. इनोव्हा हायक्रॉस, ग्रँड विटारा, सिटी हायब्रिड या गाड्यांना प्लगच नसतो, त्यांची बॅटरी इंजिनावर आणि ब्रेक मारताना आपोआप चार्ज होते. तरी या गाड्यांसाठी पॉइंट बसवायचाय म्हणून फोन येतात. येऊ देत, पण तुम्हाला काहीही बसवायची गरज नाही, पैसे वाचले. ज्या गाडीला पेट्रोलच्या झाकणाशिवाय दुसरं एक झाकण आहे आणि ते उघडलं की सात भोकांचं गोल सॉकेट दिसतं तीच प्लग-इन. आपल्याकडे अशा गाड्या कमीच आहेत, व्होल्वो एक्ससी९० टी८, बीएमडब्ल्यू एक्सएम, पोर्शे कायेनची ई-हायब्रिड, रेंज रोव्हरचं प्लग-इन मॉडेल, आणि आता या सेकंडहँडमध्येही येतायत म्हणून चौकश्या वाढल्यात.

आता मुद्द्याचं. सगळे पहिल्यांदा विचारतात की सव्वासात किलोवॅटचा वॉलबॉक्स घेऊ का अकराचा. तर एसी चार्जिंगमध्ये, म्हणजे घरी येते त्या साध्या विजेवर, भिंतीवरचा डबा हा खरा चार्जर नसतोच, खरा चार्जर गाडीच्या आत असतो, त्याला ऑनबोर्ड चार्जर म्हणतात, आणि गाडी किती वेगाने भरणार ते तो ठरवतो. घरातला नळ अर्ध्या इंचाचा असेल तर गच्चीवर कितीही मोठी टाकी बसवा, बादली त्याच वेगाने भरणार, तसंच हे. जुन्या एक्ससी९० टी८ चा ऑनबोर्ड चार्जर साधारण साडेतीन-पावणेचार किलोवॅटचा आहे आणि बॅटरी ९.२ युनिटची, ती साध्या १६ अँपिअरच्या पॉइंटवर तीन तासांच्या आसपास भरते. तिला ३२ अँपिअरचा, म्हणजे सव्वासात किलोवॅटचा वॉलबॉक्स लावला तरी तेवढाच वेळ लागणार. एक्सएमची बॅटरी मोठी, २५ युनिटच्या थोडी वर, आणि ती ७.४ किलोवॅटने घेऊ शकते, पण रात्री दहाला लावून सकाळी सातला काढायची असेल तर १६ अँपिअरवरही जवळपास भरलेलीच मिळते. रेंज रोव्हरची बॅटरी ३८ युनिटची आहे, तिथे मात्र वॉलबॉक्स घेण्यात अर्थ आहे, कारण साध्या पॉइंटवर रात्र पुरत नाही.

वॉलबॉक्स विकला तर आम्हाला जास्त सुटतात हे उघड आहे, तरी बहुतेक हायब्रिडवाल्यांना आम्ही सांगतो की चांगली १६ अँपिअरची वेगळी लाइन टाका आणि उरलेले पैसे वायर आणि अर्थिंगवर घाला. कारण घरी जे प्रॉब्लेम येतात ते सगळे तिथलेच असतात.

वायर, सॉकेट, अर्थिंग

गीझर १५ मिनिटं चालतो, इस्त्री अर्धा तास, गाडी मात्र सलग चार-पाच तास पूर्ण करंट ओढते. नेहमीचं मॉड्युलर सॉकेट त्याने तापतं, आतली पत्ती ढिली असेल तर काळं पडतं आणि एक दिवस प्लगसकट वितळतं. म्हणून आम्ही निळं इंडस्ट्रियल सॉकेट किंवा एअर कंडिशनरला लावतात तो मेटलचा बॉक्स लावतो, शोरूमच्या केबलला तीन पिनांचा पॉवर प्लग असेल तर चांगल्या कंपनीचं हेवी १६ अँपिअरचं सॉकेट, आणि पहिल्या दिवशी अर्ध्या तासाने हात लावून बघायला सांगतो. कोमट ठीक, चटका बसला तर लगेच बंद करा आणि आम्हाला बोलवा. एक्स्टेंशन बोर्ड नको, दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून खाली सोडलेली वायर तर अजिबातच नको, अशी दृश्यं पुण्यात दिसतात, हसू येतं आणि भीतीही वाटते.

वायर ४ स्क्वेअर एमएम तांब्याची, ३२ अँपिअर असेल तर ६, अंतर लांब असेल तर १०. बरेच जण विचारतात अडीचची का नाही चालणार, एसीला तर तीच असते. मीटर रूमपासून तुमची पार्किंग ६० मीटर लांब असेल तर १६ अँपिअरला अडीचच्या वायरमध्ये १४-१५ व्होल्ट वाटेतच जातात, चारच्या वायरमध्ये नऊच्या आसपास. आपल्याकडे संध्याकाळी व्होल्टेज तसंही खाली येतं, त्यात हे गेलं की गाडी करंट कमी करते नाहीतर चार्जिंग तोडते, आणि गेलेले व्होल्ट वायर तापवण्यात गेलेले असतात, त्याचं बिल तुम्हीच भरता.

अर्थिंग हा सगळ्यात दुर्लक्षित विषय. केबलवरचा डबा चार्ज सुरू करण्याआधी अर्थ तपासतो आणि तो नसेल किंवा कमजोर असेल तर लाल दिवा लावून बसतो. मग कोणी तरी इलेक्ट्रिशियन येतो आणि सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून देतो, दिवा हिरवा होतो, सगळे खूश. हे कृपया करू देऊ नका. न्यूट्रल कुठे सुटला तर गाडीच्या पत्र्याला करंट येऊ शकतो, आणि पावसाळ्यात ओल्या फरशीवर उभं राहून दार उघडणारे तुम्हीच असता. जुन्या बिल्डिंगमध्ये अर्थ पिट, म्हणजे अर्थिंगचा जमिनीतला खड्डा, कोरडी पडलेली असते, तिथे आम्ही नवीन पिट घ्यायला सांगतो. सोबत जास्त करंट गेला की लाइन तोडणारा एमसीबी आणि करंट गळला की लाइन तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, तोही ए टाइपचा. दुकानात मागाल तर बहुतेक वेळा एसी टाइपचा हातात पडतो, स्वस्त असतो, पण गाडीच्या चार्जरमधून येणारी गळती तो नीट ओळखत नाही.

एक फुकटचा उपाय सांगतो. बऱ्याच गाड्यांच्या स्क्रीनवर किंवा केबलच्या डब्यावर करंट कमी करता येतो. वायरिंग जुनं वाटत असेल तर १० अँपिअरवर ठेवा, १२ युनिटची बॅटरी सहा तासांत भरेल, झोपलेलेच असता ना.

सोसायटी आणि बिल

घरच्या मीटरवरून गाडी चार्ज करायला वेगळं लायसन्स लागत नाही, केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाच्या गाइडलाइन्समध्ये हे स्पष्ट आहे. पण केबल कॉमन जागेतून जाणार म्हणून सोसायटीला पत्र द्या, सोबत आम्ही साधं ड्रॉइंग करून देतो, कमिटीला ड्रॉइंग दिसलं की निम्मे प्रश्न संपतात. कॉमन मीटरवरून घेऊ नका, पुढच्या एजीएममध्ये तो विषय निघतोच. तुमच्याच मीटरच्या पुढून, मीटर रूममधूनच वेगळा एमसीबी टाकून लाइन काढायची, सातव्या मजल्यावरून वायर खाली आणायची गरज नसते.

महावितरणच्या बिलावर मंजूर भार लिहिलेला असतो तो बघा. तीन किलोवॅट असेल आणि घरात दोन एसी असतील तर आधी भार वाढवून घ्या. आणि स्लॅब लक्षात ठेवा, १०० च्या पुढे, ३०० च्या पुढे, ५०० च्या पुढे दर चढत जातो, म्हणजे गाडीची युनिटं नेहमी तुमच्या सगळ्यात वरच्या स्लॅबमध्ये पडतात. समजा तुमच्या वरच्या स्लॅबचा सगळा मिळून दर १५ रुपये आहे. १२ युनिटची बॅटरी भरायला चार्जिंगमधला लॉस धरून साडेतेरा युनिट लागतात, म्हणजे २०० रुपये, त्यात शहरात ४० किलोमीटर होतात. हीच जड गाडी पेट्रोलवर शहरात १० ची सरासरी देत असेल तर चार लिटर, म्हणजे ४०० च्या वर. निम्म्याने वाचतं, फुकट होत नाही. स्मार्ट टीओडी मीटर, म्हणजे वेळेनुसार दर लावणारं मीटर बसलं असेल तर दिवसा ९ ते ५ मध्ये युनिटमागे सवलत आहे, गाडी दुपारी घरीच असणाऱ्यांनी त्या वेळेत लावावी.

सोसायटीचा जनरेटर चालू असताना चार्जिंग बंद ठेवा. घरच्या इन्व्हर्टरवर तर लावूच नका.

पावसात चालेल का, हे प्रत्येक जण विचारतो. चालतं, गन, म्हणजे केबलचं गाडीकडचं टोक, गाडीत नीट बसून गाडीचं आणि चार्जरचं बोलणं झाल्याशिवाय पिनांमध्ये करंट येतच नाही. अडचण सॉकेटची असते, ते झाकणाच्या बॉक्समध्ये आणि जमिनीपासून चार फूट वर हवं. बेसमेंटमध्ये पाणी येत असेल तर आणखी वर.

बाहेर चार्ज करायचं तर

बाहेर दोन प्रकार, एसी म्हणजे घरच्यासारखंच, आणि डीसी म्हणजे ऑनबोर्ड चार्जरला वगळून थेट बॅटरीत जाणारं जलद चार्जिंग. डीसीची गन जाडजूड असते, वर गोल आणि खाली दोन मोठ्या पिना, तिला सीसीएस२ म्हणतात. तुमच्या गाडीच्या सॉकेटखाली ती दोन मोठी भोकं नसतील तर डीसी विसरा, जास्तीत जास्त प्लग-इन हायब्रिडना नसतातच. रेंज रोव्हरला आहेत, ५० किलोवॅटपर्यंत घेते.

म्हणजे तुमच्यासाठी मॉल, हॉटेल, ऑफिस, जिथे गाडी दोन-तीन तास उभी राहणारच आहे तिथला एसी पॉइंट. तिथे बऱ्याचदा नुसतं सॉकेट असतं, केबल आपली न्यावी लागते, दोन्ही बाजूंना टाइप टू, म्हणजे तोच सात पिनांचा गोल प्लग असलेली, आणि ही केबल गाडीबरोबर आली आहे का ते आजच डिकीत बघा. काही जुन्या ठिकाणी निळ्या सॉकेटचे भारत एसी-००१ वाले डबे आहेत, त्यांना वेगळी केबल किंवा अ‍ॅडॉप्टर लागतो. टाटा पॉवर, स्टॅटिक, जिओ-बीपी, प्रत्येकाचं अ‍ॅप वेगळं, वॉलेट वेगळं, आणि युनिटच्या दरावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे जीएसटीशिवाय २० रुपये दर असेल तर पडतो २३ रुपये ६० पैशांना. घरच्यापेक्षा महागच.

एक्सप्रेसवेच्या फूड मॉलला थांबून चार्ज करत बसू नका. पाऊण तासाच्या चहा-वड्यात एसीवर तुमची जेमतेम दहा किलोमीटर भरतील, आणि ज्याच्याकडे पेट्रोलची टाकीच नाही असा माणूस मागे रांगेत उभा असेल. त्यापेक्षा पुण्यातून भरून निघा, एक्सप्रेसवेवर बॅटरी होल्ड मोडला ठेवा, म्हणजे गाडी इंजिनावर चालेल आणि चार्ज राखला जाईल, आणि वाशीनंतर ट्रॅफिकमध्ये इलेक्ट्रिकवर या, खरी बचत तिथे होते. लोणावळ्याच्या बंगल्यावर मुक्काम असेल आणि सकाळी खोपोलीकडे उतरायचं असेल तर रात्री १०० टक्के भरू नका. बॅटरी भरलेली असली की घाट उतरताना तयार होणारी वीज ठेवायला जागा नसते, सगळा भार ब्रेकवर येतो.

गन अडकली तर ओढाओढी करू नका. गाडी अनलॉक करा, अर्धा मिनिट थांबा, परत अनलॉक करा. तरी सुटली नाही तर बऱ्याच गाड्यांमध्ये डिकीच्या आत हाताने सोडायची दोरी असते, मॅन्युअलमध्ये चित्र आहे.

आम्ही जागा बघायला यायच्या आधी व्हॉट्सअ‍ॅपवर चार फोटो पाठवा. मीटर रूम दार उघडून, लाइट बिलाची पहिली बाजू, गाडीचं सॉकेट झाकण उघडून, आणि केबलच्या डब्यावरचं लेबल वाचता येईल असं. मीटरपासून पार्किंगपर्यंत पावलं मोजून तो आकडा कळवा, केबल भिंतीवरून वळून जाते ते आम्ही धरतो, तुम्ही सरळ चालत मोजा.