फंड

ठरावीक कामासाठी बाजूला काढून ठेवलेला पैसा म्हणजे फंड. सरकारी मराठीने त्याला ‘निधी’ केले, पण निधी हा शब्द कोनशिला, परिपत्रके आणि बातम्यांतच जास्त रमला. घरात, कारखान्यात, सोसायटीच्या सभेत लोक फंडच म्हणतात. मराठीत तो पुल्लिंगी आहे आणि ‘फंडात’, ‘फंडातून’, ‘फंडाला’ अशी रूपे घेत सहज चालतो.

मूळ लॅटिन ‘फुंडुस’ म्हणजे तळ किंवा जमीन. फ्रेंचमार्गे हा शब्द इंग्रजीत आला आणि तळाशी साठवलेल्या पैशाला वापरला जाऊ लागला. अठराव्या शतकातल्या लंडनमध्ये ‘द फंड्स’ म्हणजे ब्रिटिश सरकारचे कर्जरोखे. एखाद्या धनिकाचे पैसे ‘फंडांत’ आहेत याचा अर्थ त्याने सरकारला कर्ज देऊन ठेवले आहे आणि व्याजावर त्याचे बरे चालले आहे.

नोकरदाराच्या तोंडी नुसता ‘फंड’ आला तर तो प्रॉव्हिडंट फंड. १९५१ च्या अखेरीस वटहुकूम निघाला आणि १९५२ मध्ये कर्मचारी भविष्य निर्वाह निधीचा कायदा झाला. सुरुवातीला तो सहा उद्योगांना लागू होता. त्यांत कापडउद्योग होता, त्यामुळे मुंबईच्या गिरणगावात हा शब्द लवकर रुळला. मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या १२ टक्के रक्कम कामगाराची कापली जाते आणि तेवढीच मालक भरतो. तरी पासबुकात दोन्ही रकाने सारखे दिसत नाहीत. मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून १५,००० रुपये असतील, तर कामगाराचे १,८०० रुपये पूर्ण फंडात जातात. मालकाच्या १,८०० पैकी १,२५० मात्र पेन्शन योजनेकडे वळतात आणि फंडात उरतात ५५०. पहिल्यांदा पासबुक उघडणाऱ्याला मालकाने पैसे खाल्ल्यासारखे वाटते ते यामुळे. स्वतःचाच पैसा, पण वर्षानुवर्षे घर, आजारपण, लग्न, शिक्षण अशी कारणे दाखवल्याशिवाय एरवी त्याला हात लावता येत नसे. म्हणून ‘मुलीच्या लग्नाला फंड काढला’ हे वाक्य ऐकणाऱ्याला पुढचे काही सांगावे लागत नाही.

महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात या शब्दाला वजन आले ते त्याआधीच, पैसा फंडामुळे. अंताजी दामोदर काळे यांची कल्पना साधी होती: प्रत्येकाने एक पैसा द्यायचा आणि त्या रकमेतून देशी उद्योग उभे करायचे. तेव्हा रुपयाचे ६४ पैसे होत, म्हणजे मागणी अगदी गरिबालाही झेपणारी. काळे गावोगाव फिरले आणि लोक त्यांना ‘पैसाफंड काळे’ म्हणू लागले. लोकमान्य टिळकांनी ही चळवळ उचलून धरली. १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे या पैशातून काचकारखाना निघाला. काचेचे शिक्षण परदेशात घेतलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे होते. कारखान्याबरोबर कारागीर घडवण्याचे कामही चाले, आणि माझ्या मते फंडाची खरी कमाई तीच: इथे शिकलेली माणसे पुढे इतर प्रांतांतल्या काचधंद्यात गेली. पुढे १९२१ मध्ये काँग्रेसने टिळकांच्याच नावाने स्वराज्य फंड उभारला. त्याचे उद्दिष्ट एक कोटी रुपयांचे होते.

वर्गणी आणि फंड यांत बोलणारे नकळत फरक करतात. गणेशोत्सवासाठी मागतात ती वर्गणी, कारण ती दहा दिवसांत खर्च व्हायची असते. उत्सव आटोपल्यावर जे उरते आणि मंडळाच्या खात्यात पडून राहते, तो फंड.

राजकारणात मात्र शब्दाची मालकी गमतीशीर बदलते. खासदारांची स्थानिक क्षेत्र विकास योजना डिसेंबर १९९३ मध्ये सुरू झाली. पहिल्या वर्षी खासदारामागे ५ लाख रुपये होते. २०११-१२ पासून वर्षाला ५ कोटी झाले. राज्यात आमदारांसाठी अशीच योजना आहे. दोन्हींत लोकप्रतिनिधी फक्त कामे सुचवतो. मंजुरी आणि खर्च जिल्हा प्रशासनाकडे. तरी बोलण्यात तो ‘खासदार फंड’ आणि ‘आमदार फंड’ होतो, आणि बसथांब्याच्या कपाळावर ‘यांच्या फंडातून’ अशी अक्षरे थांब्यापेक्षा ठळक रंगवलेली असतात. पैसा करदात्याचा, षष्ठी विभक्ती साहेबांची.

सहकारी गृहनिर्माण सोसायटीच्या मासिक बिलातला ‘सिंकिंग फंड’ नव्या सभासदाला धडकी भरवतो. इमारत खचतेय की काय? तसे काही नाही. अठराव्या शतकात ब्रिटनमध्ये राष्ट्रीय कर्ज हळूहळू ‘बुडवण्यासाठी’, म्हणजे कमी करत नेण्यासाठी, जो फंड काढला, त्याचे हे नाव. महाराष्ट्रातल्या आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांनुसार, सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के रक्कम यासाठी घेतली जाते. दुरुस्ती-देखभालीचा फंड वेगळा, किमान ०.७५ टक्के. जमिनीची किंमत या हिशेबात धरायची नसते. सभेत वाद होतो तो बहुधा याच मुद्द्यावर. मोठी दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी निघाली की सिंकिंग फंडाला हात घालता येतो, पण त्याला सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो.

म्युच्युअल फंड १९६४ पासून युनिट ट्रस्टच्या रूपाने भारतात आहे. १९९३ मध्ये खासगी फंड आले. अनेकांचा पैसा एकत्र करून रोख्यांत गुंतवायचा आणि नफा-तोटा युनिटांप्रमाणे, म्हणजे ज्याच्या त्याच्या हिश्श्याप्रमाणे, वाटायचा, अशी ही व्यवस्था. प्रॉव्हिडंट फंडाची सवय झालेल्या माणसाला इथे एक गोष्ट खटकते: नावात फंड असूनही रक्कम कमी होऊ शकते.

‘फंडिंग’ हे नपुंसकलिंगी रूप त्या मानाने नवे. पुण्या-मुंबईच्या स्टार्टअपवाल्यांत ‘फंडिंग आलं’ ही पेढे वाटण्याची बातमी असते. पण ते उत्पन्न नसते. गुंतवणूकदाराने दिलेल्या पैशाच्या बदल्यात संस्थापकाने कंपनीतला हिस्सा सोडलेला असतो. संशोधन संस्था आणि स्वयंसेवी संस्था ‘फंडिंग’ म्हणतात तेव्हा त्यांना अनुदान किंवा देणगी अभिप्रेत असते. तिथे हिस्सा द्यायचा नसतो, खर्चाचा हिशेब द्यायचा असतो.

‘फंडा क्लिअर आहे’ यातल्या फंड्याचा पैशाशी संबंध नाही. तो ‘फंडामेंटल’चा कॉलेजात तोडलेला तुकडा, आणि मूळ ‘फुंडुस’शी त्याचे नाते दूरचे. ‘फंदफितुरी’तला फंद फारसीतून आला, त्याचा मात्र इथे काही संबंध नाही. फंडात अफरातफर झाल्याच्या बातम्या वाचून कुणाला तसे वाटले, तर त्याला दोष देता येणार नाही.