वस्तुनिष्ठता, वृत्तांकनातील

वस्तुनिष्ठता, वृत्तांकनातील : घटनेचे वृत्त देताना वार्ताहराची व वृत्तपत्राची स्वतःची मते, हितसंबंध आणि अपेक्षा यांचा परिणाम वृत्तावर होऊ न देण्याचे तत्त्व. निष्पक्षता, समतोल व वस्तुनिष्ठता यांचा उल्लेख व्यवहारात बहुधा एकत्रच होतो. तथापि निष्पक्षतेचा संबंध वादात कोणाचाही कैवार न घेण्याशी, समतोलाचा प्रत्येक बाजूला मिळणाऱ्या जागेशी आणि वस्तुनिष्ठतेचा माहिती मिळवण्याच्या व पडताळण्याच्या पद्धतीशी आहे. पूर्णतः निःपक्षपाती वृत्त शक्य आहे काय, या प्रश्नाला यांपैकी कोणता निकष लावला जातो, त्यानुसार उत्तर बदलते.

हे तत्त्व मुख्यतः अमेरिकन वृत्तपत्रांत आकाराला आले, याविषयी फारसे दुमत नाही. ते केव्हा व कशामुळे, याविषयी मात्र अभ्यासकांत एकवाक्यता नाही. एका मतानुसार त्याचे मूळ १८३० नंतरच्या स्वस्त वृत्तपत्रांत आहे. ‘न्यूयॉर्क सन’ हे दैनिक ३ सप्टेंबर १८३३ रोजी एका सेंटला विकले जाऊ लागले, त्या वेळी इतर दैनिकांची किंमत साधारणतः सहा सेंट होती. राजकीय पक्षांच्या आश्रयाऐवजी किरकोळ विक्री व जाहिराती यांवर चालणाऱ्या या पत्रांना सर्व पक्षांचा वाचक हवा होता. डॅन शिलर यांनी या पत्रांच्या कारागीर व कामगार वाचकवर्गावर भर देऊन हे मत पुढे नेले. दुसरे मत तारायंत्राला श्रेय देते. असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था १८४६ मध्ये (काही जुन्या ग्रंथांनुसार १८४८ मध्ये) स्थापन झाली. परस्परविरोधी पक्षांची पत्रे तिची ग्राहक असल्याने तिचा मजकूर सर्वांना चालेल असाच असणे भाग होते. तिचे वॉशिंग्टनमधील प्रतिनिधी लॉरेन्स गोब्राइट यांनी १८६२ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या (संसदेच्या) समितीपुढे साक्ष देताना आपले काम तथ्ये कळवण्याचे असून त्यांवर भाष्य करण्याची आपल्याला मुभा नाही, असे सांगितले. तारायंत्राच्या मताचे पुरस्कर्ते या साक्षीचा आवर्जून दाखला देतात. महत्त्वाचे ते आधी सांगण्याची बातमीची रचनाही तारेच्या दरामुळेच रूढ झाली, असे पूर्वी सर्रास लिहिले जाई. डेव्हिड मिंडिच यांनी मात्र १८६५ मध्ये लिंकन यांच्या हत्येसंबंधी युद्धमंत्री स्टँटन यांनी पाठवलेल्या सरकारी तारांकडे लक्ष वेधले असून, या रचनेचा उगम सत्तेच्या भाषेतही शोधावा लागतो, असे दाखवून दिले आहे.

या दोन्ही मतांवर मायकेल शुडसन यांनी १९७८ मध्ये घेतलेला आक्षेप अधिक ग्राह्य वाटतो. वृत्तसंस्थेचा कोरडेपणा वृत्तपत्रांच्या पानांवर लगेच उतरला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत अमेरिकन दैनिके उघडपणे पक्षीय किंवा सनसनाटी राहिली. अडॉल्फ ऑक्स यांनी ऑगस्ट १८९६ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ हाती घेताना पक्ष, पंथ वा हितसंबंध न पाहता, भय किंवा मेहेरबानी न बाळगता बातमी देण्याचे अभिवचन दिले. हे धोरण महत्त्वाचे असले, तरी ते एका पत्रापुरते होते. शुडसन यांच्या मते व्यवसायाचे सर्वमान्य तत्त्व म्हणून वस्तुनिष्ठता पहिल्या महायुद्धानंतर पुढे आली. सरकारी युद्धप्रचार आणि नव्याने फोफावलेला जनसंपर्काचा व्यवसाय यांमुळे तथ्ये आपोआप बोलतात या समजाला तडा गेला. तेव्हा मनाच्या शुद्धतेवर न विसंबता पद्धतीची शिस्त लावण्याची गरज भासली. अमेरिकन संपादकांच्या संघटनेने १९२३ मध्ये स्वीकारलेल्या आचारसंहितेत वृत्त व मत वेगळे ठेवण्याचा दंडक आहे. इंग्लंडमध्ये ‘मँचेस्टर गार्डियन’चे संपादक सी. पी. स्कॉट यांनी १९२१ मध्ये, भाष्य मुक्त असले तरी तथ्ये पवित्र आहेत, अशी भूमिका मांडली होती.

या स्थित्यंतरातील निर्णायक पुरावा म्हणजे पत्रकार वॉल्टर लिपमन व चार्ल्स मर्झ यांनी ४ ऑगस्ट १९२० रोजी ‘न्यू रिपब्लिक’ या अमेरिकन नियतकालिकाच्या पुरवणीत प्रसिद्ध केलेली पाहणी. मार्च १९१७ ते मार्च १९२० या काळात ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने रशियन क्रांतीविषयी दिलेल्या बातम्या त्यांनी तपासल्या. बोल्शेविकांची (रशियन साम्यवाद्यांची) सत्ता कोसळली किंवा कोसळण्याच्या बेतात आहे, असे या पत्राने ९१ वेळा कळवल्याचे आढळले. लेखकद्वयाने यामागे कट पाहिला नाही. वार्ताहर व संपादक यांच्या मनातील आशा आणि भीती हेच मुख्य सेन्सॉर ठरले, असा त्यांचा निष्कर्ष होता. ऑक्स यांचे अभिवचन याच पत्राचे होते, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. हेतू स्वच्छ असूनही वृत्त एका बाजूला झुकू शकते, हे इतक्या तपशिलाने तोवर क्वचितच सिद्ध झाले होते. लिपमन यांनी सुचवलेला उपाय म्हणजे पुरावा तपासण्याचे प्रशिक्षण आणि स्रोतांची नोंद. मत नसलेला वार्ताहर त्यांना अपेक्षित नव्हता.

पुढील अभ्यासांनी लेखनाच्या आधीच्या टप्प्याकडे लक्ष वळवले. डेव्हिड मॅनिंग व्हाइट यांनी १९५० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका लहान अमेरिकन दैनिकाच्या तार-संपादकाचे (वृत्तसंस्थांकडून आलेल्या बातम्या निवडणाऱ्या संपादकाचे) आठवडाभराचे निर्णय नोंदवले. आलेल्या मजकुरापैकी सुमारे नऊ-दशांश भाग त्याने वगळला होता, आणि जागेच्या अभावाइतकीच त्याची वैयक्तिक पसंतीही कारणीभूत होती. गे टकमन यांनी १९७२ मध्ये अवतरणचिन्हे, दोन्ही पक्षांची विधाने इत्यादी संकेतांना बदनामीच्या दाव्यांपासून व टीकेपासून बचावाचा विधी मानले. हे मत काहीसे एकांगी असले, तरी त्यातील इशारा खरा आहे. सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांनी फेब्रुवारी १९५० पासून सरकारी नोकरांत साम्यवादी असल्याचे केलेले बिनबुडाचे आरोप अमेरिकन पत्रांनी ‘सिनेटर म्हणाले’ म्हणून जसेच्या तसे छापले. नियम पाळले गेले आणि निरपराध माणसांच्या नोकऱ्या गेल्या. समतोलातूनही विपर्यास होतो. मॅक्सवेल व ज्यूल्स बॉयकॉफ यांनी २००४ मध्ये चार प्रमुख अमेरिकन दैनिकांतील, १९८८ ते २००२ या काळातील जागतिक तापमानवाढीविषयीच्या ६३६ लेखांचा नमुना तपासला. निम्म्याहून थोड्या अधिक लेखांत मानवी कारणे मानणाऱ्या व न मानणाऱ्या बाजूंना जवळपास सारखे स्थान होते. वैज्ञानिकांत मात्र अशी समसमान विभागणी नव्हती.

नभोवाणी व दूरचित्रवाणी यांच्या बाबतीत हे तत्त्व कायद्यात आले. अमेरिकेतील १९४९ चा समन्यायाचा नियम (फेअरनेस डॉक्ट्रिन; वादग्रस्त प्रश्नांवर भिन्न मतांना स्थान देण्याचे बंधन) १९८७ मध्ये रद्द झाला. ब्रिटनमध्ये ‘यथोचित’ निष्पक्षतेची अट आहे. तीत प्रत्येक बाजूला समान वेळ अभिप्रेत नाही. भारतात प्रसार भारती अधिनियम, १९९० मध्ये सत्य व वस्तुनिष्ठ माहितीच्या नागरिकांच्या हक्काचा, तसेच स्वतःचे मत न पुरस्कारता भिन्न मते मांडण्याचा निर्देश आहे. महाराष्ट्रात २००९ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवाराच्या स्तुतीचा एकच मजकूर वेगवेगळ्या दैनिकांत बातमी म्हणून आल्याचे उघड झाले व भारतीय वृत्तपत्र परिषदेने त्याची चौकशी केली. पैसे घेऊन जाहिरात बातमी म्हणून छापण्याचा हा मुळात फसवणुकीचा प्रकार होय. त्याची गल्लत पूर्वग्रहाशी करू नये.

मराठी पत्रसृष्टीचा वारसा वेगळा आहे. ‘केसरी’ (१८८१) व ‘सुधारक’ (१८८८) ही मतप्रचाराची पत्रे होती आणि लोकजागृती हे त्यांचे घोषित कार्य होते.  या परंपरेतील सर्वांत मूलगामी टीका डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी निघालेल्या ‘मूकनायक’च्या पहिल्या अंकात, मुंबई इलाख्यातील बरीचशी पत्रे विशिष्ट जातींचेच हित पाहतात व इतरांची पर्वा करीत नाहीत, असे त्यांनी लिहिले. ‘दीनमित्र’, ‘जागरूक’, ‘विजयी मराठा’, ‘ज्ञानप्रकाश’ आदी पत्रांत बहिष्कृतांच्या प्रश्नांची चर्चा होते, हे त्यांनी नमूद केले. परंतु ती जागा पुरेशी नाही, म्हणून स्वतंत्र पत्राची आवश्यकता मांडली. लिपमन-मर्झ पाहणीच्या सहा महिने आधीचे हे लेखन वस्तुनिष्ठतेच्या इतिहासात जवळजवळ दुर्लक्षित राहिले आहे, हे खेदजनक आहे. लिपमन यांनी दोष वार्ताहराच्या मनात शोधला. आंबेडकरांनी तो वृत्तपत्र कोणाच्या हाती आहे यात शोधला. असोसिएटेड प्रेस ऑफ इंडिया या वृत्तसंस्थेचा नोकरवर्ग एकाच जातीतून आलेला असल्याने अस्पृश्यांच्या बाजूच्या बातम्या बाहेर जात नाहीत, असे त्यांनी १९४५ मध्येही लिहिले.

या विश्लेषणाची पडताळणी फार उशिरा झाली. दिल्लीतील ३७ माध्यमसंस्थांतील ३१५ निर्णयाधिकारी पत्रकारांच्या २००६ मधील पाहणीत अनुसूचित जाती-जमातींची एकही व्यक्ती आढळली नाही. ऑक्सफॅम इंडिया ही स्वयंसेवी संस्था व न्यूजलाँड्री हे वृत्तसंकेतस्थळ यांच्या २०१९ च्या अहवालात, पाहिलेल्या १२१ नेतृत्वपदांपैकी १०६ उच्चवर्णीयांकडे होती. अनुसूचित जाती-जमातींकडे एकही नव्हते.