‘ओन्ली’ची जागा

‘मी तुला कालच सांगितले’ हे वाक्य मराठी माणूस इंग्रजीत बोलतो तेव्हा पुष्कळदा ‘आय टोल्ड यू यस्टर्डे ओन्ली’ असे म्हणून जातो. इंग्रजीच्या शिक्षकांनी या ‘ओन्ली’वर आजवर बरीच लाल शाई खर्च केली असली, तरी हा शब्द वाक्यात कोठे बसवावा याविषयी खुद्द इंग्रजांचेही एकमत झालेले नाही.

‘ओन्ली’च्या मुळाशी ‘एक’ हीच संख्या आहे. प्राचीन इंग्रजीत ‘आन’ म्हणजे एक आणि ‘लिच’ म्हणजे देह, रूप. या दोहोंपासून झालेल्या विशेषणाचा अर्थ ‘एकमेव’ असा होता आणि त्यावरूनच ‘अनुपम’, ‘देखणा’ असाही अर्थ निघे. ‘बेओवुल्फ’ या काव्यात किनाऱ्यावरचा पहारेकरी नवागत वीराच्या मुद्रेला हेच विशेषण लावतो. देखणेपणाचा अर्थ पुढे गळून पडला आणि ‘फक्त’ एवढाच उरला. उच्चाराची गोष्टही गमतीची आहे. ‘आन’चा ‘ओन’ झाल्यानंतर इंग्लंडच्या पश्चिमेकडील बोलींत त्याच्या आरंभी ‘व’ आला, तो कालांतराने प्रमाण भाषेत रुळला आणि आजचा ‘वन’ तयार झाला. मात्र ‘ओन्ली’ आणि ‘अलोन’ (मूळचे ‘ऑल’ अधिक ‘वन’) या शब्दांत तो ‘व’ शिरलाच नाही, त्यामुळे त्यांचे ‘एक’शी असलेले नाते कानाला ओळखू येत नाही.

जागेचा वाद 18व्या शतकात ठळक झाला. रॉबर्ट लाउथ यांनी 1762 मध्ये प्रसिद्ध केलेल्या व्याकरणात ‘आय ओन्ली स्पेक थ्री वर्ड्‌‌‌‌‌ज’ ही रूढ रचना सदोष ठरवली आणि अभिप्रेत अर्थासाठी ‘ओन्ली’ हा ‘थ्री’ला लागून हवा, असा आग्रह धरला. हा नियम पुढे शाळाशाळांतून घोकला गेला. 1926 मध्ये इंग्रज कोशकार हेन्री फाउलर यांनी आपल्या शब्दप्रयोगकोशात उलट बाजू घेतली: ‘ही ओन्ली डाइड अ वीक अगो’ असे कोणी म्हटले तर अर्थाचा घोटाळा होत नाही, मग बोलणाऱ्याला दटावण्याचे कारण काय? प्रस्तुत लेखकाला फाउलर यांचे म्हणणे अधिक पटते, कारण बोलताना आघातच अर्थ सांगून जातो. लिहिताना मात्र लाउथ यांची शिस्त उपयोगी पडते.

मराठीला या वादाची गरजच पडली नाही, कारण आपला ‘च’ ज्या शब्दाचे काम करतो त्यालाच चिकटतो. लाउथ यांचे वाक्य मराठीत घेऊन पाहावे: ‘मी तीनच शब्द बोललो’, ‘मीच तीन शब्द बोललो’, ‘मी तीन शब्द बोललोच’. एका अक्षराची जागा बदलताच तीन निराळी वाक्ये होतात. ही सोय जुनी आहे. 1290च्या ज्ञानेश्वरीत आरंभीच ‘देवा तूंचि गणेशु’ असा ‘चि’ येतो. शिवाय ‘च’ केवळ इतरांना वगळत नाही, तो ठासूनही सांगतो. नेमके हेच दुसरे काम इंग्रजी ‘ओन्ली’ला सहसा जमत नाही. म्हणून ‘आय लिव्ह इन पुणे ओन्ली’ असे म्हणणाऱ्याच्या मनात साधे ‘पुण्यातच’ असते, तर ऐकणाऱ्या इंग्रजाला या गृहस्थाने इतरत्र घर केलेले नाही, अशी माहिती मिळते. हिंदीतला ‘ही’ आणि तमिळमधला ‘तान’ हेही शब्दामागेच येतात, त्यामुळे ही लकब एकट्या मराठी माणसाची नाही.

‘फक्त’ची चाल वेगळी. अरबीतून फारसीमार्गे आलेला हा शब्द मराठीत एरवी नामाच्या आधी येतो, ‘फक्त पाचशे रुपये’. पण पावतीवर किंवा धनादेशावर तो मागे जातो, ‘अक्षरी रुपये पाचशे फक्त’. काही जण तेथे ‘मात्र’ लिहितात. इंग्रजी धनादेशावरही रकमेनंतर ‘ओन्ली’ लिहितात आणि तेथे त्याच्या जागेबद्दल कोणी वाद घालत नाही, कारण तो पुढची वाट बंद करण्यासाठी असतो: ‘पाचशे’ आणि ‘फक्त’ यांच्यामध्ये बोटभर जागा मोकळी राहिली, तर तेथे ‘पन्नास’ सहज मावतो.